शेपटीवरच्या वीस पट्ट्या

आमच्या दिवाणखान्यात पुस्तकांच्या कपाटावर एक विमान उभं आहे. लांबी चाळीस सेंटिमीटर, पंखांचा पसारा त्रेपन्न. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप हातात घेऊन त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, "वा, स्पिटफायर का?" मग आमचे चिरंजीव, जे एरवी पाहुण्यांसमोर मोबाइलमधून मान वर काढत नाहीत, तेही तत्परतेने सांगतात, "नाही काका, टायफून!" त्यानंतर काकांची किमान वीस मिनिटं गेली म्हणून समजा.

हॉकर टायफून हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश विमान. खाली उतरून रणगाडे, आगगाड्या, तोफा यांच्यावर हल्ला करणारं. आमच्याकडे आहे ती त्याची चोवीसपट लहान केलेली प्रतिकृती, एअरफिक्स कंपनीच्या संचातून जोडलेली. पाचशेहून जास्त सुटे भाग. माझ्या चाळिशीला मी स्वतःच स्वतःला दिलेली ही भेट. तुम्हीही अशा भेटी घेतल्या असतील. गिटार, ट्रेडमिल, वॉटरकलरचा डबा! त्यांचं जे होतं तेच हिचं झालं. खोका न उघडताच माळ्यावर गेला.

तो खाली उतरला 2019 च्या एप्रिलमध्ये, अण्णा आले तेव्हा.

आई आदल्या वर्षी गेली होती. अण्णा नाशिकला एकटेच होते. "सहा महिने तरी या," असं मी वर्षभर म्हणत होतो, शेवटी आले. आले खरे, पण बोलेनात. सकाळी लवकर उठून चहा करायचे, कप विसळून ठेवायचे आणि खिडकीशी बसायचे. समोरच्या रस्त्यावर काय, तर लाल बस आणि पाऊस. मी लॅपटॉप उघडून कामाला बसलेला, बायको ऑफिसला, मुलगा शाळेत. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. त्याचं मराठी म्हणजे 'भूक लागली', 'नको' आणि 'पाच मिनिटं' एवढ्यावर चालणारं. आजोबा-नातू एकमेकांकडे बघून हसायचे, आणि संभाषण तिथेच संपायचं.

अण्णांची सगळी नोकरी ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात झाली. फिटर म्हणून लागले आणि त्याच शॉपमधून निवृत्त झाले. लहानपणी टाउनशिपमध्ये आमच्या डोक्यावरून विमानं जायची आणि 'त्यातलं एखादं माझ्या वडिलांनी जोडलंय' ही माझी वर्गातली एकमेव मिरवण्यासारखी गोष्ट होती. एकदा मी हट्ट धरला की मला एक खरा रिव्हेट आणून द्या. "कारखान्याची वस्तू कारखान्यात," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी नाशिकच्या मेन रोडवरच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून मूठभर रिव्हेट विकत घेऊन आले. पावतीसकट!

एका शनिवारी काहीतरी शोधताना तो खोका हाती लागला आणि मी तो सहज अण्णांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, खोका डोळ्यांजवळ नेला आणि पहिला प्रश्न विचारला, "केवढ्याला?" मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात नव्वदने गुणलं. "प्लॅस्टिकला?" एअरफिक्सचे बरेच संच काही वर्षांपूर्वी भारतातच तयार होऊन इकडे यायचे, हे मी सांगितल्यावर मात्र कपाळावरची आठी जरा सैल झाली. "म्हणजे आपणच करायचं, आणि आपणच दसपटीने घ्यायचं. बरं, उघड."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली गेली आणि त्या टेबलावर आम्ही पुढचे पाच महिने जेवलो नाही.

अण्णांनी आधी काय केलं असेल, तर एकही भाग कापला नाही. दोन दिवस आजोबा-नातवाने मिळून यादीप्रमाणे सगळे भाग मोजले. नातू आकडा वाचायचा, आजोबा बोटाने चाचपून "आहे" म्हणायचे. मग कामाची वाटणी झाली. कापायचं, कानस मारायची, जोड कोरडा लावून बघायचा, हे आजोबांचं. चिमट्याने बारीक भाग बसवायचे, डायलची काच लावायची, रंगाचं बारीक काम, हे नातवाचं. "तुझे डोळे तरुण आहेत, तू कर," असं अण्णा दर वेळी म्हणायचे. आम्हा नवराबायकोला त्याचं फार कौतुक वाटायचं. नातवाला पुढे करतात, किती मोठं मन! हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चिरंजीवांचं मराठीही या टेबलावर वाढलं. कानस, फट, जोड, खाच, 'अलगद', 'अंदाजे नको, मोजून' असे शब्द घरात फिरू लागले. एकदा शाळेत जाताना तो बुटात पाय घालत मला म्हणाला, "बाबा, हा बूट फिट बसत नाही, कानस मारायला पाहिजे." त्या दिवशी आई गेल्यानंतर पहिल्यांदा मी अण्णांना मोठ्याने हसताना ऐकलं.

रात्री मी टायफूनबद्दल वाचून काढायचो आणि सकाळी चहाबरोबर अण्णांना सांगायचो. सिडनी कॅम यांनी हे विमान काढलं ते हरिकेनची जागा घेण्यासाठी. उंचावर चढून शत्रूच्या विमानांना अडवणं हे त्याचं काम ठरलं होतं. 24 फेब्रुवारी 1940 ला पहिलं उड्डाण झालं. त्याच वर्षी मे महिन्यात एका चाचणीत हवेतच सांगाड्याला तडा गेला; चाचणी वैमानिक फिलिप लुकस यांनी उडी न मारता विमान खाली आणलं, म्हणून त्यांना जॉर्ज मेडल मिळालं. त्याचं नेपिअर सेबर इंजिन चोवीस सिलिंडरचं, दोन हजारांहून जास्त अश्वशक्तीचं, पण महालहरी. सुरू करताना पेट घ्यायचं. कॉकपिटमध्ये कार्बन मोनॉक्साइड झिरपायचा, त्यामुळे वैमानिक जमिनीवर असल्यापासून ऑक्सिजनचा मास्क लावून बसत. आणि ज्यासाठी बनवलं त्या उंचीवर गेल्यावर त्याचा दम उखडायचा! भरीस भर म्हणजे समोरून ते जर्मनांच्या फॉक-वुल्फ 190 सारखं दिसायचं, त्यामुळे आपलीच माणसं त्याच्यावर गोळ्या झाडत. म्हणून पंखांखाली ओळखीचे काळे-पांढरे पट्टे रंगवावे लागले.

अण्णा शांतपणे ऐकून म्हणाले, "घाईचं काम. लढाई दाराशी आली की डिझाइन पुरं व्हायच्या आधीच शॉपमध्ये येतं. मग शॉपवाल्यांनी निस्तरायचं." मी गेली वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये कन्सल्टंट म्हणून हेच निस्तरण्याचं बिल लावतोय, त्यामुळे मला हे वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

शेवटी टायफूनला त्याचं काम सापडलं ते जमिनीलगत. खालच्या उंचीवर ते अत्यंत वेगवान होतं, वजन पेलणारं होतं, आणि चार तोफांच्या जोडीला पंखांखाली आठ रॉकेटं घेऊन जात होतं.

ऑगस्टमध्ये विमानाचं धड जोडून झालं. अण्णा नेहमीप्रमाणे जोडावरून बोट फिरवत होते. शेपटीच्या थोडं पुढे त्यांचं बोट थांबलं. पुन्हा फिरवलं. "हे काय आहे? इथे गोलाकार पट्ट्या का मारल्यात? मूळच्या नाहीत ह्या. नंतर मारलेल्या आहेत."

प्लॅस्टिकवर केसाच्या जाडीइतके उंचवटे. मला ते दिसलेही नव्हते. मी शोधलं, आणि गोष्ट निघाली ती अशी.

टायफूनचा मागचा भाग वेगळा करता येईल असा जोडलेला असे. 1942 मध्ये विमानं हवेतच मोडू लागली. याच जोडावर शेपूट तुटून वेगळी होई. 11 ऑगस्ट 1942 ला हॉकरचेच चाचणी वैमानिक केनेथ सेथ-स्मिथ असे गेले. तुटलं तिथे मजबुती हवी, म्हणून जोडाच्या भोवती बाहेरून वीस पट्ट्या रिव्हेट करून बसवण्यात आल्या. पण खरं दुखणं जोडात नव्हतंच. शेपटीला वरखाली हलणारं जे पातं असतं, त्याचा तोल राखायला आत एक वजन असतं. त्या वजनाचा आधार सतत ताण पडून थकत होता आणि तडकत होता. तो तुटला की पातं बेभान फडफडू लागे आणि त्या धक्क्यांनी शेपूट जोडावर तुटे. दुखणं एका जागी, तुटणं दुसऱ्या जागी. पट्ट्या बसवूनही काही अपघात होत राहिले. पुढे 1943 मध्ये त्या वजनाची रचना बदलण्यात आली.

अण्णांना हे फार आवडलं. एखाद्या जुन्या सहकाऱ्याची हकीकत ऐकावी तसं ऐकत होते. मी म्हटलं, "म्हणजे पट्ट्या फुकटच गेल्या की!" त्यावर ते म्हणाले, "फुकट कशाने? त्या वेळेला जे कळलं होतं ते केलं. पट्टी मारणं वाईट नसतं रे. पट्टी मारली, आता झोपा, हे वाईट."

पुढच्या रविवारी आम्ही तिघे कॉलिंडेल स्टेशनला उतरून हेंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये गेलो. तीन हजारांहून जास्त टायफून बनले, त्यांतलं जवळजवळ अखंड उरलेलं एकच, एमएन 235, ते तिथे आहे. युद्धाच्या काळात चाचणीसाठी अमेरिकेला पाठवलं होतं म्हणून वाचलं. 1968 मध्ये एका हरिकेनच्या बदल्यात परत आलं. बाकीची युद्ध संपल्यावर भंगारात गेली. प्रवेश फुकट आहे हे कळल्यावर अण्णा आणखीच खुश. ते सरळ शेपटीकडे गेले, मान वर करून बराच वेळ उभे राहिले आणि मग नातवाला म्हणाले, "तू मोज. किती दिसतात ते मला सांग." त्याने मोठ्याने मराठीत मोजल्या. अकरा ते पंधरा त्याला अजून अडखळायला होतं. मागे उभ्या असलेल्या एका इंग्रज आजीबाई काही न समजता कौतुकाने हसत होत्या.

सप्टेंबरात फक्त रॉकेटं लावायची राहिली. नातू त्यासाठी महिनाभर टपून बसला होता. नॉर्मंडीच्या लढाईत, 1944 च्या ऑगस्टमध्ये, टायफूनच्या रॉकेटांनी शेकडो रणगाडे उडवल्याचे दावे झाले. नंतर तपासणी पथकांनी रणांगणावर फिरून मोजलं तेव्हा रॉकेटांनी फुटलेले रणगाडे दाव्यांच्या मानाने फारच थोडे निघाले. रॉकेट नेमकं लागणं कठीणच होतं. पण भीतीने सैनिक चालू रणगाडे सोडून पळाल्याचं दिसलं. आणि जमिनीलगत उडणाऱ्या वैमानिकांनीही मोठी किंमत दिली. नॉर्मंडीत नोये-बोकाज इथे टायफून वैमानिकांचं स्मारक आहे, त्यावर तिथे पडलेल्या 151 जणांची नावं आहेत. बहुतेक विशीतले.

अण्णांनी रॉकेटांची पिशवी हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि खोक्यात परत ठेवली. "हे राहू दे." चिरंजीव रडवेले झाले. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही जन्मभर लढाऊ विमानं जोडलीत की!" ते म्हणाले, "म्हणूनच. खाली कोण असतं ते शॉपमध्ये दिसत नाही. घरात लावायचं तर तेवढं नको." आमचं टायफून आजही रॉकेटांशिवाय उभं आहे.

निघायच्या आदल्या रात्री अण्णांनी स्वतः ब्रश हातात घेतला आणि पंखाखालचा शेवटचा काळा पट्टा रंगवला. एरवी रंगाला हात न लावणारे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सहा महिने भरले आणि ते गेले. त्यांना इथेच ठेवता येईल का, याची चौकशी मी गुपचूप केली होती. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी केली असेल. 2012 च्या जुलैपासून इथले नियम असे कडक आहेत की हिंडत्या-फिरत्या आईवडिलांना कायमचं आणणं जवळपास अशक्य. आणि खरं सांगायचं तर, अण्णांनाच ते नको होतं.

मग कोविड आला. ते नाशिकला, आम्ही इथे. ती दोन वर्षं तुम्हीही काढली आहेत, त्याबद्दल वेगळं काय सांगू? निभावलं. पण 2023 च्या ऑगस्टमध्ये पहाटे शेजारच्या काकूंचा फोन आला. अण्णा न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडले होते. हाड मोडलं नव्हतं, पण मुका मार होता.

मी कामाला लागलो. कन्सल्टंटच तो! आठवड्यात सगळी यंत्रणा उभी केली. न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. दोन वेळा स्वयंपाकाला बाई ठेवल्या, सकाळी चार तास एक मदतनीस. गोळ्यांचा वारांप्रमाणे डबा. पडल्यावर आपोआप फोन करणारं घड्याळ. आणि हॉलमध्ये कॅमेरा, म्हणजे लंडनच्या मीटिंगमधूनही मला अण्णा दिसतील. सगळं एका एक्सेलच्या तक्त्यात, हिरव्या-लाल खुणांसकट.

पंधरा दिवसांनी अण्णा पुन्हा पडले. त्याच उंबऱ्यावर.

शिवाय कॅमेऱ्यावर त्यांनी नॅपकिन टाकून ठेवला होता. मी फोनवर चिडलो. नको ते बोललो. "मी इथून अजून काय काय करू?" असं काहीतरी. ते म्हणाले, "काही करू नकोस. तू तुझं काम बघ," आणि फोन ठेवला.

चिरंजीव तेव्हा पंधरा वर्षांचे. जिन्यावर बसून ऐकत होते. खाली आले, कपाटावरच्या विमानाकडे बघितलं आणि मला म्हणाले, "बाबा, तू पट्ट्या मारतोयस."

मी त्याला गप्प बस म्हणालो. पण रात्रभर झोप आली नाही. माझ्या धंद्यात याला पॅच म्हणतात. गेली वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना पैसे घेऊन सांगत आलोय की पॅचवर थांबू नका, मूळ शोधा. आणि स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत दोन वेळा एकाच जागी पडलेला माणूस बघून मी तिसरा दांडा बसवायचं ठरवत होतो!

नोव्हेंबरात सुरू होणारं एक काम मी सोडलं आणि नाशिकला गेलो. दहा दिवसांच्या धावपळीसाठी नाही, दोन महिन्यांसाठी. पहिले तीन दिवस काहीच केलं नाही, फक्त घरात राहिलो. चौथ्या दिवशी पाहिलं की अण्णा पेपर उघडतात, पण पान उलटत नाहीत. चहात साखर घालताना कपाची कड बोटाने शोधतात. घड्याळाकडे न बघता मला वेळ विचारतात. कुठल्याच कॅमेऱ्यातून दिसलं नसतं ते समोर बसल्यावर दिसलं.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू सांगितला. "कधीपासून अंधुक दिसतंय?" त्यांनी विचारलं. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लंडनला गेलो तेव्हा थोडं होतं."

तेव्हा मला सगळं आठवलं. तुझे डोळे तरुण आहेत, तू कर. बोटाने चाचपून मोजलेले भाग. बोटाला लागलेल्या पट्ट्या. हेंडनला मान वर करून उभं राहणं, आणि "तू मोज". आम्ही ज्याला मोठं मन म्हणत होतो ते न दिसणं होतं. खरं तर मोठं मनही होतं, कारण इतकी वर्षं ते का लपवलं असं विचारल्यावर म्हणाले, "ऑपरेशन म्हटलं की सोबतीला माणूस लागतं. तुला सुट्टी काढून एवढ्या लांब यावं लागलं असतं." मला यावं लागू नये म्हणून हा माणूस चार वर्षं अंधारात चाचपडत होता, आणि मी त्याच्या न्हाणीघरात दांडे बसवत होतो.

डिसेंबरात एका डोळ्याचं आणि जानेवारीत दुसऱ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी दोन महिने नाशिकला राहतो. त्या दोन महिन्यांचं बिल निघत नाही, आणि घरचा हिशेब बायको कुरकुर न करता सांभाळते, हे इथे छापून आलं तर बरं. दांडे काढले नाहीत. पट्टी वाईट नसते. कॅमेरा काढला.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या आठवड्यात चिरंजीवांनी व्हिडिओ कॉल लावून आजोबांना टायफून सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवलं. अण्णा फोन हातात घेऊन बारकाईने बघत होते. विमान उलटं केल्यावर म्हणाले, "थांब. हा पंखाखालचा शेवटचा काळा पट्टा तिरका गेलाय. हे असलं काम कोणी केलं?"

नातू क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्हीच, आजोबा."

अण्णांनी पुन्हा एकदा बघितलं. "मग शॉपमधून बाहेर जाऊच कसं दिलंत?" म्हणाले, आणि इतके हसले की डोळ्यांत टाकलेलं औषध पुन्हा टाकावं लागलं.